प्रस्तावना : वादाच्या पाण्यातला खलाशी

२४ फेब्रुवारी १९१४ रोजी मुंबई सरकारने एक ठराव केला. कच्छ संस्थान आणि सिंध यांच्यात काही वर्षे हद्दीची कुरबूर चालू होती. १९०८ साली कोरी खाडीच्या काठावर पडलेल्या सरपणाच्या ढिगावर हक्क कुणाचा, एवढ्यावरून ती उद्भवली होती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तो वेगळा झाला १ एप्रिल १९३६ रोजी. ठरावासोबतच्या नकाशात कच्छ-सिंध यांच्यामधल्या सर खाडीच्या पूर्वेकडून एक हिरवी रेघ गेली. पाकिस्तान आज त्या रेघेवर बोट ठेवून सगळी खाडी आपली म्हणतो. खाडीचा प्रवाह वेळोवेळी बदलतो, असा उल्लेखही त्याच ठरावात आहे. जिथून नावा जातात अशा खाडीत हद्द मध्यप्रवाहातून धरायची असते, असे भारत सांगतो आणि १९२५ च्या नकाशातल्या खुणांचा दाखला देतो. १९६८ मध्ये लवादाने कच्छच्या रणातली सीमा ठरवली, पण ही सुमारे ९६ किलोमीटरची खाडी त्या निवाड्याबाहेरच राहिली.

खाडी चिखलाची, निर्मनुष्य. तिच्यासाठी दोन देशांनी इतकी वर्षे हटून का बसावे, असे वाचकाला वाटेल. उत्तर खाडीच्या मुखापाशी आहे. समुद्रातली सीमारेषा जमिनीच्या शेवटच्या बिंदूपासून सुरू होते. तो बिंदू थोडा पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकला, की पुढे दोनशे सागरी मैलांपर्यंत जाणारी रेघ तिरकी होते आणि समुद्राचा मोठा तुकडा इकडचा तिकडे जातो. सिंधू नदीचा त्रिभुज प्रदेश तिथून जवळ. खारफुटी, गाळाचे उथळ पाणी, कोळंबी, पापलेट, घोळ. ज्या पाण्याचा मालक ठरलेला नाही, नेमके तेच पाणी माशांनी भरलेले आहे, आणि या पुस्तकाचा विषय तिथूनच सुरू होतो.

ही प्रस्तावना मी देवळाली कॅम्पात बसून लिहितो आहे. इथून समुद्र दिसत नाही. आमच्या दारणेचे पाणीही गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जाते. तरी समुद्राच्या गोष्टीत या गावाचा वाटा आहे. ब्रिटिश काळात विलायतेला परतणारे सैनिक मुंबईच्या जहाजाची वाट पाहत इथल्या बराकींत आठवडेच्या आठवडे काढत. तोफखान्याची शाळा इथे आली ती आज पाकिस्तानात असलेल्या काकुलहून. आणि फाळणीनंतर सिंधमधली विस्थापित कुटुंबे जशी कल्याणजवळच्या आणि पिंपरीच्या छावण्यांत आली, तशी देवळालीतही आली. त्यांतली कितीतरी कराची बंदरातून बोटीने मुंबईला उतरली होती. कॅम्पातल्या त्या पिढीच्या तोंडी कराची म्हणजे मागे राहिलेले घर होते. सह्याद्रीच्या पलीकडे, त्र्यंबक-मोखाडा-जव्हार असा घाट उतरून गेले की पालघरची किनारपट्टी लागते. तिथल्या पाड्यांवर कराची म्हणजे तुरुंग. एकाच शहराचे हे दोन अर्थ एका दिवसाच्या वाटेवर भेटतात. म्हणून समुद्रापासून दूर राहणाऱ्या वाचकालाही हा विषय आपला वाटावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पालघरच्या खलाशांची हकिगत इथे जरा विस्ताराने सांगायला हवी, कारण ‘वादग्रस्त सागरी क्षेत्रातील बेकायदा मासेमारी’ या भारदस्त शब्दांमागे प्रत्यक्षात असलेला माणूस तोच आहे. डहाणू, तलासरी या भागातले वारली, मल्हार कोळी आणि इतर आदिवासी तरुण पावसाळी बंदी उठली की गुजरातेत जातात. वेरावळ, मांगरोळ, पोरबंदर, ओखा इथल्या बोटींवर हंगामभर खलाशी म्हणून राबतात. भातशेती एका पावसाची, घरी पैसा नाही, म्हणून हंगामाआधी बोटमालकाकडून उचल घेतलेली असते. बोट कुठे न्यायची ते तांडेल ठरवतो, तांडेलावर मालकाचा दबाव असतो आणि मालकावर डिझेलच्या बिलाचा. खलाशाच्या हाती फक्त दोर. सीमा कुठे आहे हे दाखवणारे यंत्र असलेच तर ते तांडेलाच्या केबिनमध्ये असते. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाची बोट येते तेव्हा मात्र तांडेल आणि खलाशी एकाच दोरीने बांधले जातात. मालक किनाऱ्यावर असतो. त्याची बोट जाते, आणि ते नुकसानही लहान नाही. खलाशाच्या आयुष्याची वर्षे जातात.

६ नोव्हेंबर २०२१. त्या दिवशी भाऊबीज होती. ओख्याजवळच्या समुद्रात ‘जलपरी’ या बोटीवर पाकिस्तानी दलाने गोळीबार केला. त्यात मारला गेलेला तरुण पालघर तालुक्यातल्या वडराईचा. मार्च २०२४ मध्ये डहाणू भागातला एक आदिवासी खलाशी कराचीच्या तुरुंगात मरण पावला. त्याचा देह गावी पोचेपर्यंत मे महिना उजाडला. या दोघांची नावे त्या त्या दिवशी वर्तमानपत्रांत आली आणि विरली. सैनिक सीमेवर पडला तर गाव त्याचे स्मारक उभारते, आणि ते योग्यच आहे. आमच्या छावणीतल्या लोकांना ते सांगावे लागत नाही. पण सीमेच्या भांडणात पोटासाठी गेलेला आणि न परतलेला मजूर आपल्या सार्वजनिक स्मृतीत कुठेच बसत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

कायदा काय म्हणतो? संयुक्त राष्ट्रांचा समुद्रविषयक करार १९८२ चा. भारताने तो १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये स्वीकारला. त्याच्या ७३ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडणाऱ्या परदेशी बोटी आणि त्यांवरची माणसे वाजवी जामीन घेऊन लवकर सोडावीत, आणि संबंधित देशांत तसा वेगळा करार नसेल तर त्या गुन्ह्याला कैदेची शिक्षा देऊ नये. आपल्या स्वतःच्या १९८१ च्या परदेशी नौकांविषयीच्या कायद्यातही हा फरक पाळलेला आहे: किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आतल्या गुन्ह्याला कैद होऊ शकते, त्यापलीकडे आर्थिक क्षेत्रात दंड. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, हे लक्षात ठेवले तर १२ मैल म्हणजे साधारण बावीस किलोमीटर. खाडीच्या मुखासमोर मात्र कुणाचे १२ मैल कुठे संपतात हेच ठरलेले नाही. जिथे सीमा पक्की आहे तिथे कायदा खलाशाला तुरुंगापासून वाचवू शकतो. जिथे ती वादात आहे तिथे हे कवच गळून पडते. शिवाय विनापरवाना प्रवेशाची वेगळी कलमे लागतात, आणि मासे पकडणारा माणूस घुसखोर ठरतो.

दोन्ही देशांत २१ मे २००८ रोजी एक करार झाला. त्यानुसार दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या द्यायच्या असतात. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्वाची खातरजमा झाली की महिन्याभरात माणूस परत पाठवायचा, असेही त्यात लिहिले आहे. याद्यांची देवाणघेवाण युद्धजन्य वातावरणातही थांबलेली नाही, हे मान्य करायला हवे. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानने १९३ मच्छीमार भारतीय किंवा भारतीय असल्याचे मानले जाणारे म्हणून दाखवले. भारताने ८१ पाकिस्तानी मच्छीमार दाखवले. गुजरातच्या कैदखान्यांत बसलेला सिंधी मोहाणा मच्छीमार आणि कराचीत बसलेला वारली यांचे दुःख मी वेगवेगळ्या तराजूत घालणार नाही. महिन्याची अट मात्र कागदावरच राहते. खातरजमा म्हणजे कैदखान्यातून उच्चायुक्तालय, तिथून दिल्ली, दिल्लीहून जिल्हा, जिल्ह्यातून पाड्यावरचा पोलीस, आणि तोच रस्ता उलटा. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती २००७ मध्ये नेमली गेली होती. ती तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटत असे, आणि तिच्या भेटींनंतर माणसे सुटत. तिची शेवटची भेट ऑक्टोबर २०१३ मधली. मे आणि जून २०२३ मध्ये पाकिस्तानने आधी १९८ आणि मग २०० मच्छीमार सोडले. समुद्रात पकडलेली ही माणसे रेल्वेने लाहोरला आणि तिथून वाघा-अटारीच्या फाटकातून पायी घरी आली. ओखा ते कराची हे समुद्रातले अंतर ध्यानात घेतले म्हणजे या वळशातले क्रौर्य कळते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, आणि माझ्या मते या पुस्तकाचा खरा गाभा तोच आहे. बोटी तिथे जातातच का? धोका ठाऊक आहे, बोट जाईल, माणसे जातील, तरी जातात. कारण अलीकडच्या पाण्यात मासा उरला नाही. वादग्रस्त सीमेवरच्या संघर्षाचे बी निर्विवाद आपल्या असलेल्या पाण्यात पेरले गेले आहे.

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्याच्या आगेमागे केरळ आणि गोव्यानेही असे कायदे केले, ते कुणाच्या कृपेने आले नाहीत. सत्तरच्या दशकात गोव्यात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन रांपणकारांचे पोट मारू लागले, तेव्हा माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने मोठा लढा उभा राहिला. मच्छीमारांच्या देशव्यापी संघटनेची मुळेही त्याच काळात आहेत. रांपण किनाऱ्यावरून ओढली जाते. मासा किनाऱ्याला आला तरच तिला मिळणार. ट्रॉलरने तो वाटेतच उचलला तर शंभर माणसांच्या हाती रिकामे जाळे येते. आज मालवण-देवगडच्या पट्ट्यात हाच संघर्ष नव्या रूपात चालू आहे. कर्नाटकातल्या मलपेकडचे वेगवान ट्रॉलर रात्री येऊन जातात. गस्तीची बोट त्यांच्या वेगाला पुरी पडत नाही. सिंधुदुर्गातला मच्छीमार त्यांना अडवायला स्वतः समुद्रात उतरतो तेव्हा हाणामारी होते आणि गुन्हा दोघांवरही दाखल होतो.

पर्ससीन जाळ्यांचा प्रश्न याहून अवघड, कारण तिथे समोरचा परका नाही. तारली-बांगड्याचा अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या या जाळ्यांबाबत डॉ. सोमवंशी समितीने अहवाल दिला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने शासनाने सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे ठरवले. पाठोपाठ रात्री प्रखर दिवे लावून मासा गोळा करणारी एलईडी मासेमारी आली. केंद्राने तिच्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने जुना कायदा बदलला. दंड लाखांत गेले, एलईडीसाठी ५ ते २० लाख रुपये, आणि तहसीलदारांकडचे अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले. ही सुधारणा चांगली होती, मी ती मनापासून चांगली म्हणतो. जानेवारी २०२५ पासून ड्रोनही फिरू लागले. तरी मालवणच्या किनाऱ्यावरून रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते, हे तिथला कुणीही सांगेल. घटनेनुसार १२ मैलांपर्यंतची मासेमारी राज्याची आणि त्यापुढची केंद्राची. दिवे लावणारी बोट बारा मैलांच्या रेषेवर मागेपुढे होत राहिली, की दोन्ही सरकारांची पत्रे एकमेकांना जात राहतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम जाहीर केले आहेत. त्यांचा कस याच रेषेवर लागेल.

आणि पालघरच्या घरातच एक सीमावाद आहे, ज्याची दखल दिल्लीच काय, मुंबईही फारशी घेत नाही. डोल जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात उभे राहते. त्यासाठी समुद्राच्या तळात खुंट ठोकावे लागतात. ती जागा म्हणजे कव. वसई-उत्तनकडच्या मच्छीमारांनी सातपाटी-डहाणूच्या समोर कवी मारल्या, दालदी जाळी वाहत नेणाऱ्या सातपाटीकरांची जाळी त्यांत अडकून फाटू लागली, आणि एकाच समाजातली, एकमेकांत सोयरिकी असलेली गावे भर समुद्रात समोरासमोर उभी राहिली. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले की जाणवते, दोघेही खरे बोलतात. वसईच्या समोरचा मासा हटला म्हणून तो उत्तरेला सरकला. सर खाडीवर ओखेकर जे करतो तेच हा करतो. फक्त पलीकडे तोफा असलेली बोट नाही.

सातपाटीची ओळख पापलेट. तिथल्या सहकारी संस्थांच्या आग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये चंदेरी पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली गेली, पापलेटची १३५ मिलिमीटर. तळहातात मावणारी पापलेटची पिल्ले बाजारात येतात तेव्हा ती विकत घेणारेही आपणच असतो, हे नाशिक-देवळालीच्या गिऱ्हाइकालाही सांगितले पाहिजे. घाटावरच्या बाजारात येणारा सुका बोंबील आणि जवळा याच किनाऱ्यावरून चढतो. बाजारात लहान मासा विकला जातो तोवर समुद्रात लहान भोकांचे जाळे पडणारच.

पाल्कच्या सामुद्रधुनीत तर आपली बाजू दुबळी आहे. १९७४ च्या करारात कच्चतीवू श्रीलंकेकडे गेले, याबद्दल तमिळनाडूत राग आहे. पण २००९ मध्ये यादवी संपून जाफन्याचा तमिळ मच्छीमार पुन्हा समुद्रात उतरला तेव्हा त्याला तळ खरवडणारे भारतीय ट्रॉलर समोर दिसले. भाषा एक, देव एक, तरी मासा एकाचाच. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळाचे ट्रॉलिंग कायद्याने बंद केले. मलपेच्या ट्रॉलरवर संतापणाऱ्या मालवणकराला जाफन्याच्या माणसाचा राग समजावून सांगण्याची गरज पडू नये.

जगातली उदाहरणे मी थोडक्यात उरकतो, पुढच्या प्रकरणांत ती सविस्तर आहेत. आइसलँड आणि ब्रिटन हे नाटोतले मित्र कॉड माशासाठी १९७६ पर्यंत एकमेकांच्या बोटींवर बोटी घालत होते. शेवटी आइसलँडची २०० मैलांची मर्यादा ब्रिटनला मान्य करावी लागली. दक्षिण चीन समुद्राबाबत १२ जुलै २०१६ चा निवाडा फिलिपाइन्सच्या बाजूने लागला, चीनने तो मानला नाही, आणि स्कारबरो शोलवरचा मच्छीमार आजही पाण्याच्या फवाऱ्यांपुढे उभा आहे. आपल्या उपयोगाची उदाहरणे वेगळी आहेत. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांनी १९७८ च्या टॉरेस सामुद्रधुनी करारात समुद्रतळाची रेघ एक आणि मासेमारीची दुसरी ठेवली, आणि तिथल्या मूळ रहिवाशांना दोन्हीकडे पारंपरिक मासेमारीची मोकळीक दिली. चीन-व्हिएतनाम यांनी टोंकिनच्या आखातात काही वर्षे सामायिक मासेमारी क्षेत्र चालवले. १९८२ च्या समुद्र कराराचे ७४ वे कलम तर म्हणतेच की सीमा ठरेपर्यंत तात्पुरती व्यवहार्य व्यवस्था करा. सर खाडीची सीमा ठरायला आणखी पन्नास वर्षे लागोत. धरपकड थांबवायला, ‘समज देऊन परत पाठवा’ एवढा नियम करायला सीमा ठरण्याची अट कशाला?

सुरक्षेची बाजू मी हलकी मानत नाही. लष्करी छावणीत राहणाऱ्याला ते शोभणारही नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये दहशतवादी मुंबईला आले ते ‘कुबेर’ या पोरबंदरच्या मासेमारी बोटीवरून, आणि त्या बोटीवरची माणसे त्या हल्ल्याचे पहिले बळी होती. त्यानंतर ओळखपत्रे आली, बोटींना रंग आले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. सीमा जवळ आली की सूचना देणारे, संकटात हाक मारू देणारे हे यंत्र खलाशाच्या जिवाची राखण करील, म्हणून त्याचे स्वागत करावे. त्याच कार्यक्रमात सुमारे ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदराच्या भरावाखाली आणि जहाजांच्या मार्गाखाली आपली मासेमारीची जागा जाईल, म्हणून डहाणू-पालघरचे मच्छीमार कित्येक वर्षे त्याला विरोध करत आले आहेत. दक्षिणेकडून कवी, समोर जहाजे, आत रिकामे पाणी. मग उत्तरेलाच जायचे. ही साखळी न पाहता केलेले कोणतेही सागरी धोरण अपुरे ठरेल, हे माझे ठाम मत आहे.

वाचकांना एक विनंती. हे पुस्तक कायद्याची कलमे पाठ करण्यासाठी वाचू नये. प्रत्येक प्रकरणात एक प्रश्न मनाशी ठेवावा: या तरतुदीचा भार शेवटी कुणावर पडतो, मालकावर, सरकारवर की दोर ओढणाऱ्यावर? आणि पुस्तक मिटल्यावर एक काम करावे. पुढच्या १ जानेवारीला किंवा १ जुलैला कैद्यांची यादी जाहीर होईल. तीत महाराष्ट्रातले मच्छीमार किती आहेत, त्यांतल्या कितींची शिक्षा संपली आहे आणि खातरजमेचा कागद कुठल्या टेबलावर अडला आहे, हे आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारावे. पालघरचे लोक ते विचारतच आले आहेत. घाटावरून पत्रे गेली तर त्यांच्या आवाजाला जोर येईल.

देवळाली कॅम्प, नाशिक